उघड्या माळावरची पानगळ

“आई, जंगलच उरलं नाही, मग तू मोजतेस तरी काय?”

“विचारून दाखव!” असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून भर दुपारी, झाडं तोडून सपाट केलेल्या माळावर मी विचारलंच. माझ्या जन्माआधीपासून आई अभ्यासासाठी इथल्या जंगलात जाळ्या बांधून गळलेली पानं तोलत आलीये. आता चार खांबांवर एकच जाळी उरली होती, आणि तीही सोडवून काम कायमचं बंद करायला आम्ही तिघं आलो होतो.

आईने नुसतं जाळीकडे बोट दाखवलं.

जाळीत पानं होती. ओली, हिरवीगार, देठाला ताजा चीक.

“वाऱ्याने आली असतील,” बाबा म्हणाले. पण वारा पडलेला होता, आणि नजर पोचेल तिथवर झुडूपसुद्धा नव्हतं.

मी जाळीवर हात धरला. हातावर गार सावली पडली. वर पाहिलं, तर लख्ख रिकामं आभाळ.

बाबांनी जाळीच्या तारा सोडवायला घाईघाईने पक्कड काढली आणि मला म्हणाले, “चल, इथली पानं पुरे. आता पुस्तकाची उलट.”

तेवढ्यात माझ्या तळहातावर टपकन एक पान पडलं.

मला हसू आवरेना.

“बाबा, पक्कड ठेवा! जाळी निघणार नाही. आई, उद्यापासून पानं मी तोलणार.”