तापीतले तीनशे मीटर

गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिलेले सुकलालभाई घाटाला बांधलेली दोरी काही केल्या सोडेनात.

घाटावर सकाळी सहाला चिटपाखरू नव्हतं, हे एक बरं होतं. साठ वर्षं तापीकाठी काढलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे सारंगखेड्यात कळलं असतं तर म्हशीसुद्धा हसल्या असत्या. थोरला भाऊ याच पाण्यात गेला, तेव्हापासून आईनं त्यांना नदीकडे फिरकू दिलं नव्हतं.

आणि तरी त्यांनी ट्रायथलॉनला नाव दिलं होतं. आधी तीनशे मीटर पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सायकल त्यांच्या पायाखालची होती, पळणंही रडतखडत जमलं असतं. पोहण्याचं मात्र उगाच बोलून बसले होते. त्यांचा जिवाभावाचा मित्र भरत डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सुरतेला हेलपाटे घालत होता. तालुक्यात मशीन यावं म्हणून वर्गणी जमवायला ही शर्यत ठरली होती. सुकलाल शेवटपर्यंत गेला तर आम्ही सगळे हात सैल सोडू, नाहीतर नाही, असं गावातल्या टवाळांनी चारचौघांत जाहीर केलं होतं.

"तुले पव्हता येस ना?" भरतनं काळजीनं विचारलं होतं.

"तापीना काठवर वाढेल शे मी!" सुकलालभाईंनी छाती काढून सांगितलं होतं. आता ते दोरीला लटकून त्या छातीची किंमत मोजत होते.

"दोरी सोडा," मागून आवाज आला.

पाण्यात एक तरुण मुलगी उभी होती. अंगभर काळा पोहण्याचा पोशाख, डोक्यावर घट्ट टोपी, अर्धा चेहरा झाकणारा गॉगल. तीही शर्यतीचा सराव करत होती.

सुकलालभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "माले पव्हता येत नही," ते हळूच म्हणाले. "पोरी, कोनले सांगू नको."

"तुमच्या घरात मी तोंडसुद्धा उघडणार नाही," ती म्हणाली. "आता तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा."

शुद्ध बोलत होती, म्हणजे शहाद्याकडची, कॉलेजात शिकणारी असणार, असं सुकलालभाईंनी ठरवून टाकलं. पण शिकवणारी होती खमकी. त्यांनी घोटभर नदी गिळली तरी ती दया दाखवत नसे. तिनं त्यांना काका म्हटलं नाही की बाबा म्हटलं नाही. नुसतं "हात लांब," "पाय सरळ," "डावा गुडघा जपून."

"गुडघानं तुले कसं समजनं?"

"चालण्यावरून कळतं," असं म्हणून ती पाण्याखाली गेली. सुकलालभाई धापा टाकत पायऱ्या चढेपर्यंत ती रोज निघून गेलेली असे.

घरी हल्ली चहा उशिरा मिळायचा. सून देवळात जाते, असं त्यांच्या पत्नी जसोदाबाई सांगायच्या. मग सून यायची, हनुवटीपर्यंत पदर ओढून कप ठेवायची आणि आत जायची. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासऱ्यासमोर तिनं शब्द काढला नव्हता. घराण्याची रीत होती, आणि ती पाळणारी सून मिळाली याचा सुकलालभाईंना अभिमान होता. घाटावरच्या मुलीनं एकदा सांगितलं, मोड आलेले मूग खात जा, आणि दुसऱ्याच दिवशी ताटात मूग आले. बायकोला मनातलं कळतं, असं म्हणून ते जसोदाबाईंवर खूश झाले. जसोदाबाई नुसत्या हसल्या.

असा दीड महिना गेला.

शर्यतीच्या आदल्या रविवारी सुकलालभाईंनी दोरी सोडली ती परत धरलीच नाही. शर्यतीच्या खुणेसाठी पाण्यात तरंगत ठेवलेल्या लांबच्या पिंपाला वळसा घातला आणि पाय पायरीला लागल्यावरच थांबले. पूर्ण तीनशे मीटर! ते पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. छातीवरचा धोंडा उतरला होता. भरतला तोंड दाखवायची चिंता मिटली, आणि भावाला नेणाऱ्या पाण्याची भीतीही मिटली. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मुलगी पाण्याबाहेर आली. आनंदाच्या भरात तिनं टोपी काढली, गॉगल काढला आणि ती मोकळेपणी हसली. सुकलालभाईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. चेहरा अनोळखी होता. चांगल्या घरची दिसत होती.

"पोरी, तू मन्ही लाज राखी," ते हात जोडून म्हणाले. "कोन्ही पोर शे तू?"

ती काही बोलणार, तेवढ्यात वरच्या पायरीवरून आरोळी आली. भरत आला होता, आणि मागे गावातली पाचसात जुनी माणसं.

"सुकलाल! अरे, तू ते मासाच शे रे!"

मुलगी दचकली. तिनं झटक्यात टॉवेल डोक्यावर घेतला, हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि अंग चोरून, मान खाली घालून बाजूला उभी राहिली.

तेव्हा कुठे सुकलालभाईंनी आपल्या सुनेला ओळखलं.