चढावरची वीस मिनिटं

दोघं नवरा-बायको दवाखान्यांच्या चादरी धुऊन पोचवायचे. गाडी जुनी, त्यात ओझं. चढावर ती रोज तापायची. अर्ध्या वाटेत थांबून तिला निववण्यात वीस मिनिटं जायची आणि उशिराबद्दलची बोलणी बायकोला खावी लागायची. शेवटी नवऱ्यानं गाडी मेकॅनिकपुढे नेऊन उभी केली.

"पंखा पट्ट्यावरचा आहे," मेकॅनिक म्हणाला. "चढावर इंजिन रडतखडत चालतं, मग पंखाही तसाच फिरतो. विजेचा बसवू. इंजिन तापलं की त्याचा तो सुरू होईल."

दुसऱ्या दिवशी गाडी चढाला लागली. नेहमीची जागा मागे पडली, तरी तापमानाचा काटा जागचा हलला नाही. नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं शेजारी पाहिलं, तर बायको खिडकीकडे तोंड करून रडत होती.

"अगं, आता काय झालं? आता कुणी बोलणार नाही तुला."

"बोलू दे हो. पहाटे चारपासून उभी असते मी. तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालायचात, तेव्हा कुठे माझा डोळा लागायचा."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटखाली नवा पंखा अजून घरघरत होता. तो थांबायच्या आत ती झोपली होती.