नाव मंजूर झालं

"नावात सृष्टी नको, अकोला नको, माझं काही म्हणजे काहीच नको," सृष्टी सीए मॅडमना म्हणाली. नवऱ्याच्या मारहाणीतून जीव वाचवून ती अकोल्याहून पळून आली होती. कर्वेनगरातली तिची भाड्याची खोली त्याला अजून सापडली नव्हती.

"अहो, लोणच्याची कंपनी काढताय की गुप्तहेर खातं?" मॅडम म्हणाल्या.

शेवटी 'हिरवी फोड फूड्स' हे नाव मंजूर झालं. त्या खोलीच्याच पत्त्यावर, सृष्टीचं नाव संचालक म्हणून घालून, कंपनीची नोंदणीही झाली.

आठवड्याभरात कंपनीच्या नावे पहिलं कुरिअर आलं. आत पेढे होते, आणि नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी.



"अभिनंदन! ऑनलाइन तुझं नाव टाकलं, तर कंपनीही निघाली आणि पत्ताही. रविवारी न्यायला येतो."