पिठलं-भात

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या ठकारकाकू पिठलं-भात घेऊन आल्या. दार नेमकं त्र्यंबकरावांनीच उघडलं.

“हे काय? आमच्याकडे कोण गेलं?”

त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई आतून धावत आल्या. सकाळी नवऱ्याची नाडी लागेना, तेव्हा त्यांनीच काकूंना रडत फोन केला होता. तासाभराने ते उठून आंघोळीला गेले, तेव्हा कुठे बाईंना ऑपरेशनच्या वेळचं डॉक्टरांचं बोलणं आठवलं. “डोक्यातली ही चिप आपण ठणठणीत आहोत असा विश्वास देते. त्या विश्वासावर शरीर चालत राहील, हृदय थांबलं तरी. फक्त त्यांना शंका येऊ देऊ नका.”

“कुणी नाही हो गेलं,” म्हणत बाईंनी घाईघाईने गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं.

त्यांची लगबग पाहून त्र्यंबकरावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला.

“अगं, केवढा तापलाय तुझा हात!”