पाथरी तळ्यातले मासे

सोमवारी पहाटे साडेपाचला भगवान भोईर तळ्यावर पोचला तेव्हा मासे मेलेले होते.

आधी त्याला वाटले, कुणी लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या आणून टाकल्या आहेत. उजाडले तसे ताटल्यांवर खवले दिसू लागले. वारा पडला होता. पाण्याला आंबूस वास येत होता.

पनवेलजवळच्या विचुंबे गावाच्या पुढे, नव्या इमारतींच्या मागे हे पाथरी तळे. मासे धरायचा ठेका भगवानकडे होता. रोहू आणि कटला पुढच्या महिन्यात जाळ्यात यायचे होते. झरा उतरतो त्या कोपऱ्यात थोडे मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. तेवढे त्याने ड्रममध्ये घेतले. त्याच्या घराकडची गल्ली इतकी चिंचोळी, की हातगाडीसुद्धा आत जात नाही. त्याने आणि बायकोने, रंजिताने, ड्रम उचलून नेला आणि अंगणातल्या हौदात मासे सोडले.

तो परत आला तोवर ‘तळे राखण गट’ बांधावर जमला होता. गटात बहुतेक नव्या सोसायट्यांतली माणसे. चार वर्षे दर रविवारी ती इथे येत होती. त्यांनी जलपर्णी ओढून काढली होती, कचऱ्याचे ढीग उपसले होते, गणपतीसाठी वेगळा कृत्रिम हौद करून घेतला होता. आदल्याच दिवशी फलकाला नवा रंग दिला होता, करंजाची रोपे लावली होती, आणि पाणी शुद्ध करणारे मातीचे गोळे मुलांनी नेम धरून तळ्यात फेकले होते. गेल्या वर्षी गोळे दोन घमेली होते. यंदा देणगी मिळाली म्हणून टेम्पोभर आले होते.

गटाची प्रमुख कोमल सावे बांधावरच खाली बसली.

“चार वर्षं,” ती म्हणाली. “एका रात्रीत संपवलं कुणीतरी.”

“कुणीतरी नाही. टँकर,” शैलेश म्हणाला. गटाचे फोटो आणि व्हिडिओ तोच काढायचा. “वास घ्या ना. सरळ केमिकल आहे. मागच्या पावसाळ्यात नाल्यात ओतलं तेच.” तो भगवानकडे वळला. “काका, काल संध्याकाळी कुणी दिसलं इथे?”

“दिसला असंल कोन तरी.”

“असं नका करू. आज तुम्ही गप्प बसलात तर पुढच्या वर्षी परत हेच.”

भगवानने तळ्याकडे पाहिले. एक मोठा कटला काठाला लागून हलत होता. लाटेने.

“निकेश,” तो म्हणाला. “माज्या भैनीचा पोरगा. टँकर बांधावर उभा होता त्याचा.”

दुपारी गटाला आणि मागोमाग जमलेल्या लोकांना निकेश टँकरसह नाक्यावर सापडला. आईकडे जेवायला थांबलो होतो, टँकर रिकामा होता, असे तो सांगत राहिला. त्याने स्वतःच व्हॉल्व्ह उघडून दाखवला. काही आले नाही.

“ओतून झाल्यावर काय येणार, तीर्थ?” गर्दीतून कुणी बोलले. लोक हसले. मग पहिला हात पडला.

गटातल्या कुणी हात उगारला नाही. कोमल ‘थांबा’ म्हणत होती, तिचा आवाज पोचला नाही. शैलेश शूटिंग करत होता. निकेशचे डोके टँकरच्या शिडीवर आपटले तेव्हा गर्दी पांगली.

पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला. जमावावरही नोंदवला, नावे नसलेला. पाण्याचा नमुना तपासणीला गेला. भगवानने जबानी दिली. निकेश पनवेलच्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होता.

हौदातले मासे मात्र जगले. दोन रात्री गेल्या. कोंडा टाकला की पाणी उसळायचे. भगवान दिवसातून कितीदा तरी तिथे जाऊन उभा राहायचा.

“पोरासारकं जपताव त्यांना,” रंजिता म्हणाली. “भाच्याला बगायला पाय वलत नाय तुमचा.”

बुधवारी संध्याकाळी कोमल आली. हातात पिशवी होती. हौदात वाकून पाहिल्यावर त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

“हे तरी वाचले. पण काका, साठलेलं पाणी आहे, घाण होईल. आमचे थोडे गोळे उरलेत. टाकू?”

“माशांना काय व्हनार नाय ना?”

“अहो, माती, कोंडा आणि गुळात आंबवलेलं विरजण. केमिकलचा थेंब नाही. मी स्वतः वळलेत.”

तिने एकेक गोळा अलगद, आवाज न करता पाण्यात सोडला. पिशवी रिकामी झाली. मांजरांच्या भीतीने भगवानने हौदावर पत्रा ओढला.

गुरुवारी सकाळी निकेशची आई, मालू, हॉस्पिटलातून थेट भावाच्या दारात आली. निकेश शुद्धीवर आला नव्हता. ती रडली नाही. पायरीवर बसली, हॉस्पिटलातून फोन आला तर दिसावा म्हणून मोबाईल मांडीवर सुलटा ठेवला.

“दादा, सायबांना जाऊन सांग. टँकर बगितला, पन ओतताना नाय बगितला.”

“ओतताना बगितला असा मी बोललोच नाय.”

“मंग तेच सांग. उद्या उठला तर बेड्या घालतील त्याला. आनि नाय उठला तर चोर म्हनून जाईल.”

भगवानने हौदाकडे पाहिले.

“तुला वाटतंय, माज्या पोरानं केला?”

“मंग मासे मारले कोनी, मालू?” त्याचा आवाज चढला. तो हौदाकडे गेला. “हे बग. त्याच तल्यातले हायत. इकडं कुनाचा टँकर येत नाय, तर कसे खेलतात बग.”

मालू उठून हौदाशी आली. भगवानने पत्रा उचलला.

सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. पाण्याला तोच आंबूस वास येत होता.