डावा खांब

तिसऱ्या परीक्षेतही ट्रक मागे घेताना तिने डावा खांब पाडला आणि हातातोंडाशी आलेली ड्रायव्हरची नोकरी गेली. परीक्षा घेणाऱ्या नव्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अगं पोरी, डाव्या आरशात एकदाही बघितलं नाहीस! कोणी शिकवलं असं?"

"बाबांनी. तीस वर्षं ट्रक चालवलाय त्यांनी! म्हणतात, दोन्ही आरसे बघितले की गोंधळ होतो, तू उजवाच बघ."

साहेबांनी अर्जावरचं बाबांचं नाव वाचलं आणि त्यांचा आवाजच उतरला.

"मलाही त्यांनीच शिकवलं गं. डावा आरसा चुकला की पाठीत धपाटा घालायचे."

फाटकाबाहेर बाबा डोळे मिटून, हात जोडून उभे होते. तिन्ही वेळा ते देवाकडे काय मागत होते, ते तिला आत्ता कळलं.