कंट्रोलरमधलं कुंकू

दुरुस्तीवाल्याने गेमचा कंट्रोलर उघडून अंगठ्याने फिरवायच्या स्टिकच्या बुडाशी ब्रश फिरवला आणि ब्रश लाल झाला. "काकू, हे काय हो? कुंकू?"

"खंडेनवमीला पूजा केली," ती हळूच म्हणाली. "ह्यांच्या ट्रकची करायचे, तशीच."

तो हसला. "पूजा करा, पण कुंकू मागच्या बाजूला लावा. हे स्टिकमध्ये गेलं, म्हणून गेममधली गाडी आपोआप डावीकडे जात होती."

तिला एकदम भरून आलं. म्हणजे दोष कुंकवाचा होता! लकव्याचा झटका आल्यापासून नवऱ्याच्या हातापायांतला तेवढा एक अंगठाच हलायचा. मुलीने आणलेल्या गेममध्ये तो त्या अंगठ्याने ट्रक चालवायचा. दसऱ्यापासून ट्रक रस्ता सोडायला लागला, तसं "आता हाही गेला" म्हणत त्याने खेळणंच सोडलं होतं.

घरी येताच तिने टीव्ही लावला. "अहो, अंगठा चांगला आहे तुमचा. माझ्या कुंकवानेच घोळ केला. बघा, हात न लावता ट्रक कसा गप उभा आहे!"

खरंच, ट्रक जागचा हलत नव्हता. त्याने दात आवळून अंगठ्याने स्टिक पुढे ढकलली. ट्रक निघाला, डावीकडे कलला आणि शेतात शिरला. त्याने तो रस्त्यावर आणला. पुन्हा तेच.

त्याने अंगठा उचलला. ट्रक जिथल्या तिथे थांबला.



"दुरुस्तीवाल्याने काम चोख केलंय गं," तो म्हणाला. "बंद कर आता."